बाळाच्या नावची बाटली

आमच्या घरात मुलगा झाला तर बाप्तिस्म्याच्या दिवशी पोर्त वाइनची सावद, आणि मुलगी झाली तर लिंबाच्या सरबताची. लग्न होऊन शिरोड्याला आले तेव्हा मी विचारलं होतं, असं का? कुणी सांगू शकलं नाही. आधीपासून आहे, एवढंच.

सावद म्हणजे, इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, बाळाला घरी आणलं की मांडवात सगळ्यांच्या हाती पेले येतात. घरातला वडीलधारा पुरुष उठतो, बाळाच्या नावाने चार शब्द बोलतो, पहिला घोट स्वतः घेतो आणि मग सगळे ‘विवा’ म्हणून पितात. माझ्या नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या सावदेला खरी पोर्तुगालची पोर्त होती. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, क्लॉडियाच्या सावदेला सरबत. ते सरबत माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मांयने, स्वतः केलं होतं. ओली बाळंतीण असताना स्वयंपाकघरात बसून लिंबं पिळली होती तिने. मला हे तिने मस्कतला सांगितलं, माझ्या तान्ह्या मुलीला, इव्हानाला, तेल लावता लावता. तक्रार म्हणून नाही. मीठ किती लागतं, साखर किती, असं सांगतात त्या सुरात.

क्लाइव्ह मस्कतला नोकरीला आहे, म्हणून माझं बाळंतपण तिथेच झालं आणि त्यासाठी मांय आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आली. इव्हाना तीन महिन्यांची झाली तेव्हा लिस्बनहून क्लॉडिया भाचीला बघायला आली. ती तिथे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम करते. जाताना तिने स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली माझ्या हातात दिली. पोर्त. “हिच्या नावची,” एवढंच म्हणाली आणि बाळाच्या टाळूचा वास घेत बसली.

मांयने ती बाटली पाहिली आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट बसली. इव्हानाची सावद पोर्तची व्हायला हवी, क्लॉडियाने आणलेल्या पोर्तची, भर मांडवात.

घरातले वडीलधारे म्हणजे फॉस्टिन अंकल, माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. मांयने त्यांना फोन केला. ते हसले. मुलीला लिंबूपाणी पुरे, म्हणाले. मग जरा वेळाने, उदार होऊन, म्हणाले की खरी पोर्तुगालची बाटली शिरोड्यात येऊन पोचली तर मी स्वतः उठून सावद घालीन, शब्द देतो. हे ते दुकानासमोर उभे राहून बोलत होते, म्हणजे चार माणसांनी ऐकलं. आणि फोन ठेवता ठेवता टोमणा मारलाच: “पोचली तर हां, मार्गारेट. कस्टमात तू थरथरतलंस नि बाटली थंयच ठेवन येतलंस.” त्यांच्यासाठी एक लिटर व्हिस्की आणायची, हेही सांगायला ते विसरले नाहीत.

व्हिस्कीच्या अशा चार बाटल्या झाल्या. फॉस्टिन अंकलची एक, फादरची एक, बाळाच्या पाद्रिनची, म्हणजे धर्मपित्याची, एक आणि पाहुण्यांसाठी एक. नियम माणशी दोन लिटरचा. क्लाइव्हला रजा नव्हती, निघणाऱ्या आम्ही दोन बायका, चार लिटर, हिशेब तिथेच संपला. पोर्त वर राहिली. क्लाइव्ह म्हणाला, बाळाच्या लंगोटांखाली ठेव आणि हिरव्या पाटीखालून सरळ चालू लाग, कडेवर मूल असलेल्या बाईला कोण अडवतंय. मांय ऐकेना. मग तो वैतागून म्हणाला, बरं, इव्हानाचाही पासपोर्ट आहे ना, तिचेही दोन लिटर धरा. तो चेष्टा करत होता. मला कळलं. मांयला कळलं नाही, आणि तिला कळलेलं नाही हे मला कळलं नाही.

लपवायला मात्र तिचा विरोध ठाम होता. “इगर्जीत फादर इचारतलो, सैतानाचो धिक्कार करतास? आमी म्हणतलों, करतो. नि घराक येवन चोरून हाडलेल्या बाटलेची सावद घालतलों? बाळाक पयल्याच दिसा फशी पाडूचा?”

मोप्याच्या विमानतळावर सामान आलं. पुढे दोन वाटा, काही जाहीर करायचं नसेल त्यांना हिरवी, असेल त्यांना लाल. हिरव्या पाटीखालून सगळे भराभर जात होते. लाल पाटीकडे कुणीच नव्हतं. एक ट्रॉलीवाला माणूस आम्हाला ओलांडून जाताना थांबला, मांयला म्हणाला, “आजी, वाट चुकलात.” मांय म्हणाली, “नाय. हीच आमची.” आणि लाल पाटीखाली जाऊन उभी राहिली. ट्रॉलीवरचा तिचा हात थरथरत होता. फॉस्टिन अंकल तेवढं बरोबर बोलले होते.

टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं स्वच्छ मराठी, आवाजात कंटाळा. काय जाहीर करायचंय, त्यांनी विचारलं.

मांयने हात जोडले, मान खाली घातली, आणि मला एकदम कळलं की आता काय होणार. ती कुमसाराला बसली होती. दर महिन्याला इगर्जीत जाळीपलीकडच्या फादरपुढे पापांची कबुली द्यायला बसते, तशी. कुमसाराची तिची एक रीत आहे. बारीक पापं आधी, जड पाप शेवटी. तिने खजुरापासून सुरुवात केली. मग हलव्याचा डबा. मग क्लॉडियाने दिलेला सेंट, अर्धा वापरलेला, तोही आपण नाही, तिनेच वापरलेला. शेजारणीच्या सुनेसाठी घेतलेलं घड्याळ, सोन्यासारखं दिसतं पण सोन्याचं नाही. मग आवाज आणखी खाली गेला आणि तिने विमानात जेवणाबरोबर दिलेला स्टीलचा चमचा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

अधिकारी बाईंनी ओठ दाबले. चमचा आमच्या खात्यात येत नाही, म्हणाल्या. मांयने तो परत पिशवीत टाकला नाही, टेबलावरच राहू दिला. सुटली एकदाची.

मग बाटल्या. एकेक काढून, कुणासाठी ते सांगून, तिने चार व्हिस्क्या ओळीने मांडल्या. बाई मान डोलावत होत्या. शेवटी तिने स्वेटर उलगडला.

“ही कुणाची?” बाईंनी विचारलं.

“हिची.” मांयने बाळाच्या पायावर हात ठेवला. “पासपोर्ट आसा तिचो.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “आजी, लहान मुलाच्या नावावर दारू आणता येत नाही. एक थेंबसुद्धा नाही. ही इथेच राहील.”

मी पुढे झाले. माझं ऑफिसातलं मराठी बाहेर काढलं. सासूबाईंचा गैरसमज झालाय, बाटली आमच्या दोघींची आहे, असं सगळं नीट सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे म्हणाल्या की मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आता तुम्ही उत्तर बदलताय. शेजारून हिरव्या वाटेने पिशव्या किणकिणत जात होत्या, एकालाही कुणी थांबवत नव्हतं. मला क्षणभर मांयचा फार राग आला. काय गरज होती? इव्हाना उठली आणि ओठ काढून रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागले. टेबलावर ती काळी बाटली, मागे स्वेटरची एक बाही लोंबकळत असलेली. मला क्लॉडिया दिसली, बाळाच्या टाळूवर नाक टेकून बसलेली.

मांय रडली नाही. विनवण्याही केल्या नाहीत. तिला मुळात कळतच नव्हतं की खरं सांगून चूक कशी झाली. ती हळू म्हणाली, “नाव तिचाच आसा गो बाय. मी दुसरा काय सांगू?”

आता ‘बाय’ ऐकून की इव्हानाच्या रडण्याने, कोण जाणे, अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पुढे झुकल्या.

“आजी, नाव कुणाचं ते मला नका सांगू. पिणार कोण, ते सांगा.”

मांय बोलायला गेली आणि थांबली. तिचे ओठ ‘फॉ’ म्हणण्यासाठी मिटलेले मी पाहिले. कारण खरं उत्तर तेच होतं. पहिला घोट वडीलधाऱ्या पुरुषाचा, तो प्यायला की मग बाकीचे. पण फॉस्टिन अंकल इथे नव्हते, त्यांचं तिकीट नव्हतं, पासपोर्ट नव्हता, त्यांच्या नावावर काही आणता येणार नव्हतं. आणि खोटं तर बोलायचं नव्हतं. मांयने डोळे मिटले. मग उघडले. आणि मग मान वर केली. टेबलासमोर आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

“मी,” ती म्हणाली. “पयलो घोट माझो.”

“नक्की?”

“कुमसारात खोटा बोलूक येना नाय.”

“हे कुमसार नाही, आजी.”

“तुमका नाय. माका आसा.”

बाई हसल्या, या वेळी मोकळ्या. लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं की आता ही बाटली तुमच्या वाट्यात धरली, तर व्हिस्कीची एक जास्त होते. तिच्यावर कर भरा, नाहीतर इथे सोडा. कराचा आकडा ऐकून मी पर्सची चेन पुन्हा लावली. मांयने आकडा ऐकलाच नाही. ओळीतली पहिली बाटली तिने दोन बोटांनी बाईंकडे सरकवली.

“मांय,” मी कुजबुजले, “ती फॉस्टिन अंकलची.”

“माका ठावक आसा.”

बाहेर रमीझ गाडी घेऊन उभा होता. आमच्याच वाडीतला, लहानपणापासून मांयच्या हातचे दोदोल खाऊन वाढलेला. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, चाची, इतकी वर्षं लोक माझीच गाडी का बोलावतात, माहितेय? दाढीवाल्याच्या गाडीत बाटली असेल असा कुणाला संशय येत नाही म्हणून. आणि आज पहिल्यांदा माझ्या गाडीतल्या बाटलीला कागद आहे, आता मी काय करू? आरोंद्याच्या पुलाशी, गोवा संपून आपला जिल्हा सुरू होतो तिथे, शिपायाने हात दाखवला. रमीझने गाडी पुरती थांबवली नव्हती, तोवर मांयने काच खाली केली होती. शिपायाने काही विचारायच्या आधी तिने सांगून टाकलं: तीन व्हिस्की, एक पोर्त, हे कागद, हा पासपोर्ट, आणि पोर्तचा पहिला घोट माझा. शिपाई कागदाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. “जावा आजी,” म्हणाला. “सुखान जावा.”

गाडी पुलावर आली आणि मांय हसायला लागली. तेरेखोलचं पाणी खाली चमकत होतं आणि ती तोंडावर पदर दाबून, खांदे हलवत, एकटीच हसत होती. इव्हाना तिच्याकडे टकामका बघत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी फॉस्टिन अंकल आले. चष्मा लावून पोर्तचं लेबल वाचलं, बाटली उजेडाकडे धरली, हलवली. खरी आहे, म्हणाले. थोडे उतरले होते, पण दिलेला शब्द सगळ्या वाडीने ऐकला होता. घालीन सावद, म्हणाले. मग त्यांनी आपल्या व्हिस्कीचं विचारलं. ती सरकाराला दिली, मांयने सांगितलं. चार बाटल्यांतली माझीच बरी सापडली, असं म्हणून ते गेले ते रविवारपर्यंत आमच्या पायरीला आले नाहीत.

त्या आठवड्यात मी मांयला एकदा विचारलं, ते टेबलाशी बोललीस ते फक्त बाटली सोडवायला ना? ती मांडवासाठी पेले पुसत होती. “सांगलंय ता सांगलंय,” म्हणाली आणि पुढचा पेला उचलला.

रविवारी बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडलं तरी इव्हाना रडली नाही, फादरच्या चष्म्याकडे बघत राहिली. मी तेव्हा रडून घेतलं. घरी मांडवात सगळे जमले. सोरपोतेलचा वास, सान्नांच्या टोपल्या, खुर्च्या अपुऱ्या. रमीझच्या घरच्यांसाठी कोकमाचं सरबत वेगळं ठेवलं होतं. लिस्बनहून क्लॉडियाचा व्हिडिओ कॉल लागला होता. फोन मी केकशेजारी बरणीला टेकवून ठेवला. ती कामाच्या गणवेशातच होती, जेवणाच्या सुट्टीत.

फॉस्टिन अंकल कोट घालून उठले. बाटली त्यांच्या हातात, बूच काढलेलं. खाकरले. तेवढ्यात मांय स्वयंपाकघरातून आली, एप्रनला हात पुसत.

“बाब, वायच बसा.”

“कित्याक गो?”

“पयलो घोट माझो आसा. सरकाराक तसा सांगून हाडलंय.”

मांडवात हशा झाला. फॉस्टिन अंकलही हसले, चेष्टा समजून. पण मांय तिथेच उभी होती, हात पुढे केलेला. मग त्यांचं हसू आटलं. “सरकार हंय येतला बघूक?” त्यांनी विचारलं.

“सरकार नाय, फादर आसत मा हंय. तेंका इचारा, दिलेला उतर मोडूचा काय?”

सगळ्यांच्या माना फादरकडे वळल्या. फादरची व्हिस्की आदल्या दिवशीच पोचती झाली होती. त्यांनी आपल्या रिकाम्या पेल्यात खोलवर बघितलं आणि म्हणाले, शब्द दिला असेल तर पाळायला हवा.

“बायलमाणसान सावद घातलेली ह्या घरात कोणी आयकली नाय,” फॉस्टिन अंकल म्हणाले.

“आज आयकशात.”

ते उभेच होते. मला वाटलं बाटली टेबलावर आपटून निघून जातील. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. आपटून नाही, दिली. आणि बसले.

मांयने पेला भरला. तिचा हात आता स्थिर होता. भाषण असं तिने आयुष्यात कधी केलेलं नाही. ती माझ्या कडेवरच्या इव्हानाशीच बोलायला लागली, जणू मांडवात दुसरं कुणी नव्हतंच.

“इव्हाना. ही बाटली तुझ्या आतेन हाडली. तिच्या बाप्तिस्म्याक मिया लिंबा पिळलंय. तेव्हा उठूक होया होता, मी उठलंय नाय. आज उठलंय. ही तुझी सावद. आनी ही तिची, ऱ्हवलेली. एकाच पेल्यात.”

आणि प्यायली. घोट म्हणाली होती, पेला रिकामा केला.

कुणी विवा म्हणेना. फोनमध्ये क्लॉडियाचा चेहरा दिसत होता, मग दिसेना. फोन कुठेतरी पालथा पडला असावा, फक्त छप्पर दिसत होतं आणि कुणीतरी पोर्तुगीजमध्ये तिला काय झालं म्हणून विचारत होतं.

मग मागच्या खुर्च्यांमधून काठीचा आवाज आला. रेजिना आंटी उठली होती. ती फॉस्टिन अंकलची सगळ्यात धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर याच घराच्या मागच्या खोलीत राहिली, आणि कुठल्याही समारंभात तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. ती माणसांमधून वाट काढत, काठी टेकत पुढे आली आणि मांयपुढे पेला धरला.

“माझी पण ऱ्हवली आसा गो, मार्गारेट.”

मांयने तिचा पेला काठोकाठ भरला. तिच्यामागे शेजारच्या दोघी उठल्या, मग इव्हानाची मादीन, म्हणजे धर्ममाता, मग मी स्वतः, बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन. ओळच लागली. मांय प्रत्येकीच्या पेल्यात घोटघोट ओतताना तिचं नाव घेत होती, पुरं नाव, बाप्तिस्म्यात ठेवलेलं. क्लॉडियाचा चेहरा परत दिसू लागला होता, लाल झालेला, ओला, हसणारा. तिने कागदी कपात काहीतरी ओतून घेतलं होतं आणि तो कप वर धरला होता.

रेजिना आंटीने अजून प्यायलं नव्हतं. पेला दोन्ही हातांत धरून ती उभी होती, पुढे काय करतात ते तिला माहीत नव्हतं. तिच्या बाबतीत कधी केलंच नव्हतं कुणी. फॉस्टिन अंकल तिच्याकडे बघत होते. ते दुसऱ्यांदा खुर्चीवरून उठले, कोट खाली ओढून नीट केला, आणि सगळ्या मांडवाच्या आधी, फाटक्या आवाजात, त्यांनी ‘विवा’ म्हटलं.